पंधराशे रुपये आणि गंजलेला साकव

मावशी, स. न. वि. वि.

मी लांजा तालुक्यातल्या एका वाडीत राहते. नवरा टेम्पो चालवतो, दोन मुलं आहेत. धाकटी सहावीत आहे. ती रोज पऱ्यावरच्या, म्हणजे ओढ्यावरच्या, लोखंडी साकवावरून, छोट्या पुलावरून, शाळेत जाते. साकवाचे पत्रे गंजलेत, एका ठिकाणी पाय आत जाईल एवढी फट पडलीय आणि एका बाजूचा कठडा दोन वर्षांपूर्वीच्या पावसात गेला तो गेलाच. मला लाडकी बहीण योजनेचे पैसे २०२४ पासून मिळतात.

यंदा गणपतीत सगळे घरी होते. आरती झाल्यावर बोलता बोलता मी म्हणाले, सरकारने पैसे वाटण्यापेक्षा आधी साकव नीट करावा, आणि तो जनसुरक्षेचा कायदा केलाय तोही मला पटत नाही. तर विरारचे भावोजी सगळ्यांसमोर म्हणाले, "पंधराशे घेताना बरं पटतं? ज्याचं खायचं त्याच्याच नावाने बोंबलायचं? आणि कायद्याविरुद्ध बोलशील तर उद्या तुझ्याच दारात पोलीस येतील." सासूबाई म्हणाल्या, आमदारांच्या कामात बायकांनी कशाला पडायचं. आमचे हे मान खाली घालून सुपारी कातरत बसले.

त्या दिवसापासून नीट झोप नाही. पैसे परत करू का? मत असणं हा गुन्हा आहे का? आणि मला आमदारांना लिहायचंय, पण कसं लिहू म्हणजे कोणी वाचेल? मी बारावी शिकलेय.

— तुमची एक वाचक

पोरी,

पैसे परत करू नकोस. बाकी सगळं पुढे सांगते, पण हे आधी सांगून टाकते, म्हणजे आज रात्री तरी झोपशील. तू योजनेच्या अटींत बसत असशील, म्हणजे वय २१ ते ६५ मध्ये, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत आणि बाकीच्या अटी पूर्ण, तर ते पैसे तुझे आहेत. त्या अटींमध्ये सरकारबद्दल काय बोलावं, काय बोलू नये याबद्दल एक ओळही नाही.

तुझे भावोजी जे बोलले ते त्यांच्या एकट्याच्या मनातलं नाही, म्हणून मी त्यावर जरा जास्त बोलणार आहे. या योजनेच्या भाषणांत पहिल्यापासून एक शब्द आला, तो म्हणजे ओवाळणी. आपल्याला तो गोड लागतो, कारण आपल्या सगळ्यांच्या माहेरच्या आठवणी त्याला चिकटलेल्या आहेत. पण भाऊ ताटात ओवाळणी घालतो ती स्वतःच्या खिशातून. हे पैसे कुठल्या भावाच्या खिशातले? २८ जून २०२४ ला अजित पवारांनी अर्थमंत्री म्हणून अर्थसंकल्प मांडताना योजना जाहीर केली, आणि २०२५-२६ साठी तिच्यापोटी ३६ हजार कोटींची तरतूद झाली. तो पैसा राज्याच्या तिजोरीतला. तिजोरीत तो कुठून आला? तुझा नवरा टेम्पोत डिझेल भरतो, त्यातल्या प्रत्येक लिटरवरचा व्हॅट राज्याकडे जातो. तू तेलाची पिशवी आणतेस, मुलांना वह्या-पेनं घेतेस, गणपतीला सजावटीचं सामान आणलंस, त्यात कुठे ना कुठे जीएसटी आहे आणि त्यातला राज्याचा वाटा आहे. तेव्हा खाणारी तू आणि देणारा दुसरा कोणी, असा हा हिशेब नाहीच. देणाऱ्यांत तूही आहेस.

आणि महाराष्ट्राला हे नवीन नाही. १९७२ चा दुष्काळ माझ्या आईच्या पिढीने पाहिला. त्यातून रोजगार हमी उभी राहिली. तिच्यामागे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे होते. १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला, म्हणजे काम मागणाऱ्याला काम देणं सरकारवर बंधनकारक झालं. पैशासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. आज भावोजींच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये कापले जात असतील, तोच हा कर. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी पैसे भरायचे, असा तो करार होता. त्या कामांवर खडी फोडणाऱ्या, पाझर तलावाची माती वाहणाऱ्यांत बायका फार मोठ्या संख्येने होत्या. मजुरी थकली की त्याच बायका तहसील कचेरीवर मोर्चा नेत आणि आमचा पगार का अडवला म्हणून विचारत. सरकारी पैसा घेता आणि सरकारलाच विचारता, असं त्यांना म्हणायला जाणाऱ्याला त्यांनी काय उत्तर दिलं असतं, याचा विचार कर.

असं बोलणारे तुझे भावोजी पहिले नव्हेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेच्या प्रचारात कोल्हापुरात खासदार धनंजय महाडिक म्हणाले होते की, योजनेचे पैसे घेणाऱ्या बायका काँग्रेसच्या सभेत दिसल्या तर त्यांचे फोटो काढा. त्यावर गदारोळ झाला, गुन्हा नोंदवला गेला आणि त्यांना माफी मागावी लागली. हे तुला एवढ्यासाठी सांगते की, हा विचार भर सभेत बोलला गेला तेव्हा लोकांनी तो चालवून घेतला नाही. मग तुझ्या ओटीवर तो का चालावा?

आता माझं सांगते, कारण हेच वाक्य मी स्वतःला एकवीस वर्षं ऐकवत आले.

मी एका पंचायत समितीच्या बांधकाम विभागात टंकलेखन करायचे. एक साकव होता, तुझ्यासारखाच, पण लाकडाचा. त्याच्या जागी नवा बांधायचं अंदाजपत्रक मी सलग तीन वर्षं टंकलं. दरवर्षी दरसूची बदलायची, म्हणून रक्कम बदलायची. वाडीचं नाव, पऱ्याचं नाव, 'पावसाळ्यात संपर्क तुटतो' हे वाक्य, सगळं तसंच्या तसं. तिसऱ्या वर्षी तर मी कागद न बघता टंकत होते. साहेबांच्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवावी की साहेब, हा साकव तिसऱ्यांदा येतोय, एवढंच मनात यायचं. ठेवली नाही. सरकारचा पगार घेते, मी कोण बोलणार, असं वाटायचं. नोकरीचे वर्तणूक नियम होते हे खरं, पण टेबलावर चिठ्ठी ठेवायला कुठला नियम आडवा येत नव्हता. चौथ्या पावसाळ्यात दूध घालायला जाणारा एक माणूस त्या साकवावरून खाली गेला. जीव वाचला, पण मांडीचं हाड मोडलं आणि तो पुन्हा नीट चालला नाही. त्याची किटली आमच्या ऑफिसात पंचनाम्याच्या कागदांबरोबर आली होती. एका बाजूने चेपलेली. ती दोन दिवस माझ्या टेबलाशेजारी खाली जमिनीवर होती. आजही मला कुठे ॲल्युमिनियमची किटली दिसली की मी नजर वळवते.

म्हणून तुला कोणी म्हणालं की घेतेस म्हणून बोलू नकोस, तर ते ऐकू नकोस.

पण पोरी, तुझ्याही एका वाक्याशी मी सहमत नाही. "पैसे वाटण्यापेक्षा साकव नीट करावा." हे वाक्य जरा थांबून बघ. पंधराशे रुपयांतून तू काय केलंस ते तू लिहिलं नाहीस, पण मला अंदाज आहे. मुलीची वह्या-पुस्तकं, सासूबाईंची गोळ्यांची पट्टी, बचत गटाचा हप्ता. बाईच्या हातात तिच्या नावाने पैसा येणं ही छोटी गोष्ट नाही आणि त्याला वाटणं म्हणून आपणच हिणवू नये. तुझा राग साकवाच्या बाजूने राहू दे, बायकांच्या खात्याच्या विरुद्ध नको. विचारायचं ते हे, की हा खर्च भागवताना दुसरीकडे कात्री कुठे लागली, आणि ती कोणी, कोणाला विचारून लावली.

त्याची उदाहरणं समोर आहेत. २०२५ च्या मे महिन्यात लाडक्या बहिणीसाठी सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे सुमारे ३३५ कोटी वळवले गेले. सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी स्वतः जाहीर नाराजी व्यक्त केली. मंत्रिमंडळात बसलेला मंत्री जे बोलतो, ते वसतिगृहात शिकणाऱ्या मुलाच्या आईने बोललं तर ती कृतघ्न कशी ठरते? त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५ हजार कोटींच्या वर दाखवली आहे आणि कर्जाचा बोजा ९ लाख कोटींच्या पुढे. अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला, आणि पावसाळी अधिवेशन ३० जूनला सुरू झालं त्याच दिवशी ५७ हजार कोटींहून जास्त रकमेच्या पुरवणी मागण्या आल्या. घरात आपण चैत्रात वर्षाचं धान्य भरतो आणि आषाढात पुन्हा दुकानात उभं राहतो, तेव्हा घरातलं कोणीतरी विचारतंच ना, की हिशेब कुठे चुकला? पुरवणी मागण्या बेकायदेशीर नसतात. अचानक आलेल्या खर्चासाठी त्या असाव्याच लागतात. पण रक्कम एवढी मोठी असली की आमदाराने उभं राहून विचारायला हवं, आणि त्याने विचारलं का, हे आपण त्याला विचारायला हवं.

दुसरीकडे, झालेल्या कामांची बिलं थकली म्हणून ठेकेदार राज्यभर आंदोलनं करत होते. याचा तुझ्या साकवाशी संबंध आहे. मागचं बिल मिळालं नाही की ठेकेदार पुढच्या लहान कामाच्या निविदेला हात लावत नाही, आणि गावोगावचे साकव ही सगळी लहान कामंच असतात. त्यात जिल्हा परिषदेवर २०२२ पासून बराच काळ प्रशासक होता. तुझ्या जिल्हा परिषद गटातून निवडून गेलेला सदस्यच तेव्हा नव्हता, ज्याच्या घरी जाऊन तू गाऱ्हाणं घालावंस. आमदाराला लिहिण्याचा तुझा विचार बरोबर आहे. सासूबाईंना सांग, आमदाराच्या कामात बायका पडत नाहीत, बायकांचंच काम आमदाराकडे आहे.

आता सुरक्षा. तू साकवही बोललीस आणि जनसुरक्षेचा कायदाही बोललीस. भावोजींना ते दोन वेगळे विषय वाटले असतील. मला ते एकाच विषयाचे दोन भाग वाटतात. सरकार जनतेच्या सुरक्षेसाठी कायदा करतं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा १५ जून २०२५ चा रविवार येतो. मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांसकट कोसळला, चार जण गेले, पन्नासावर जखमी झाले. तो पूल धोकादायक आहे हे आधीच जाहीर झालेलं होतं. आणि आपल्या कोकणातल्या माणसाला सावित्री नदीचं नाव काढायचीसुद्धा गरज नाही. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र, महाडचा ब्रिटिश काळातला पूल, पुरात वाहून गेलेल्या जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी. तुझ्या तालुक्यातल्या कित्येक घरांनी त्या रात्री फोन लावत जागून काढली असेल. पण त्याचीच पुढची गोष्ट लोक विसरतात. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये वाहतुकीला खुला झाला. म्हणजे करायचं ठरलं की होतं. पैसा मिळतो, मान्यता मिळतात, पावसाळ्याच्या आत काम उरकतं. तुझ्या साकवासाठी आधी लोक मरावे लागू नयेत, एवढंच तुझं म्हणणं आहे, आणि ते शंभर टक्के जनसुरक्षेचं म्हणणं आहे.

त्या जनसुरक्षेच्या विधेयकाबद्दल तुझी भीती मी उडवून लावणार नाही. नीट समजून घे, म्हणजे भीती असेल तेवढीच राहील.

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक आधी २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात आलं, मंजूर झालं नाही. डिसेंबरमध्ये नागपूरला पुन्हा मांडलं आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त चिकित्सा समितीकडे गेलं. चंद्रशेखर बावनकुळे अध्यक्ष होते. समितीने लोकांकडून सूचना मागवल्या आणि १२ हजारांहून अधिक आल्या. त्यातलं एक दीड पानी पत्र माझं होतं. १० जुलै २०२५ ला विधानसभेने आणि दुसऱ्या दिवशी विधान परिषदेने ते मंजूर केलं. विधानसभेत डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी विरोध केला, परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला.

तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं. आमदाराला पत्र लिहिलं, ओटीवर बसून कायदा पटत नाही म्हणालं, ग्रामसभेत हात वर केला, यावरून त्याखाली गुन्हा होत नाही. हे विधेयक संघटनेभोवती फिरतं. सरकारने आधी अधिसूचना काढून एखादी संघटना बेकायदेशीर ठरवायची, ते बरोबर की चूक हे सल्लागार मंडळाने बघायचं, आणि मग त्या संघटनेचं सदस्य असणं, तिच्या बैठकीला जाणं, तिला पैसे देणं हे गुन्हे. शिक्षा दोन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच लाखांपर्यंत, आणि गुन्हे अजामीनपात्र. तुझा बचत गट यात कुठे बसत नाही. उद्या दारात पोलीस, हे भावोजींनी तुला गप्प करायला म्हटलं.

माझं मत विचारशील तर मला हे विधेयक पटलेलं नाही, आणि तेही मी खुल्याने सांगते. सरकारची बाजू पोकळ नाही. १ मे २०१९ ला, ऐन महाराष्ट्र दिनी, गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा वाहनचालक गेला. त्या घरांपुढे उभं राहून कोणी म्हणू शकत नाही की धोका नव्हता. छत्तीसगड, आंध्र, ओडिशात असे कायदे आहेत, असंही सरकार सांगतं. पण हिंसाचार करणाऱ्या संघटनांवर बंदी घालायला यूएपीए हा केंद्राचा कायदा आहे, संघटित गुन्हेगारीसाठी १९९९ चा मोक्का आहे. नव्या विधेयकात बेकायदेशीर कृत्याची व्याख्या अशी रुंद आहे की कायद्याची अवज्ञा करायला सांगणंही तीत येऊ शकतं. मिठाच्या सत्याग्रहाला शिरोड्याला गेलेल्या माणसांच्या कोकणात आपण राहतो, आपल्याला तरी तो शब्द टोचायला हवा. समितीनंतर मथळ्यात 'कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना' असं आलं. मला त्यातल्या 'तत्सम' शब्दाची भीती वाटते. आज तत्सम म्हणजे कोण, हे आजचं सरकार ठरवेल. दहा वर्षांनी दुसरं सरकार ठरवेल. कायद्याच्या पुस्तकात असा एक मोकळा शब्द राहिला की त्यात कोणालाही बसवता येतं, मग ती धरणग्रस्तांची संघटना असो की रिफायनरीला विरोध करणारी गावं.

पण एवढंही बघ, की लोकांनी लिहिलं म्हणून काहीतरी हललं. आधीच्या मसुद्यात व्यक्ती आणि संघटना असं मोघम होतं, ते बदललं. सल्लागार मंडळाच्या अध्यक्षपदी उच्च न्यायालयाचे विद्यमान किंवा निवृत्त न्यायाधीश आले. तपास फौजदाराच्या हातून काढून उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. माझ्या पत्रातला व्याख्येचा मुद्दा राहूनच गेला, त्याचं वाईट वाटतं. तरी १२ हजार पत्रांच्या ऐवजी बारा आली असती तर एवढंही झालं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

आणि वेळ पाळायला शीक. गणपतीत आपण जे बोललो ते जुलैत मंजूर झालेल्या गोष्टीवर बोललो. मतं समितीपुढे असतात तेव्हा जायला हवीत. विधेयकं विधानमंडळाच्या संकेतस्थळावर मराठीत असतात. पहिल्या पानापासून वाचायला बसलीस तर कंटाळशील, म्हणून मागून वाच. शेवटी 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असतं, त्यात सरकारला हे का हवंय ते कळतं. खर्चाची गोष्ट असेल तर 'वित्तीय ज्ञापन' असतं. पुढचे नियम कोण करणार ते आणखी एका ज्ञापनात असतं, आणि खरी मेख पुष्कळदा तिथेच असते. मग पुढे जाऊन व्याख्यांचं कलम वाच. बारावी भरपूर झाली.

कायदा मंजूर झाला म्हणजे सुरक्षा आली असंही नाही. बायकांवरच्या अत्याचारांसाठीचं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केलं, केवढा गाजावाजा झाला, आणि राष्ट्रपतींच्या संमतीअभावी ते लागू झालंच नाही. तेव्हा आनंदाने पेढे वाटणाऱ्यांत मीही होते.

आता पत्र.

दोन पत्रं लिही. एकाच पत्रात साकव आणि जनसुरक्षा घातलंस तर आमदारांचा स्वीय सहायक ते राजकीय पत्र म्हणून बाजूला ठेवेल आणि साकव तुझ्या मतासकट फायलीत जाईल. साकवाचं पत्र एका पानाचं. वाडीचं नाव, महसुली गावाचं नाव, पऱ्याचं नाव. साकव किती पावलांचा, रोज किती मुलं जातात, कठडा कुठल्या वर्षी गेला. सरकारने जनतेकडे लक्ष द्यावं वगैरे काही लिहू नकोस. मागणी स्पष्ट लिही: पंचवीस-पंधरातून, म्हणजे ग्रामविकास विभागाच्या गावातल्या मूलभूत सुविधांच्या निधीतून, किंवा आमदार निधीतून साकवाची दुरुस्ती, आणि तोवर महिन्याभरात तात्पुरता कठडा. आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी असतात, त्यामुळे हे त्याच्या हातातलं आहे. शेवटी एक प्रश्न विचार, ज्याचं उत्तर हो-नाहीत द्यावं लागेल: हे काम आपण जिल्हा नियोजन समितीला सुचवलं आहे का?

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जा. एकटी जाऊ नकोस, बचत गटातल्या बायकांना आणि ज्यांची मुलं त्या साकवावरून जातात त्या सगळ्यांना घेऊन जा. ठराव लिहून ने, ग्रामसेवकाला तिथे सुचायची वाट बघू नकोस. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत पत्राला जोड. पत्र आमदारांच्या कार्यालयात स्वतः दे आणि आवक क्रमांक टाकून पोच घे. त्या पोचेशिवाय तिथून उठू नकोस, मी एकवीस वर्षं बघितलंय, पोच नसलेला कागद म्हणजे न दिलेला कागद. एक प्रत बांधकामच्या उपविभागाला. कुंडमळ्यानंतर पुलांच्या तपासणीचे आदेश निघाले होते, त्यात तुमचा साकव तपासला का, तपासला असेल तर अहवालाची प्रत द्या, असा माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून कर. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हिवाळी अधिवेशन डिसेंबरात नागपूरला असतं, आणि प्रश्न बरेच आधी द्यावे लागतात, म्हणून दिवाळीनंतर बघू असं म्हणू नकोस.

दुसरं पत्र कायद्याचं. ते आणखी लहान असू दे. आवाजी मतदानात कोणी हो म्हटलं, कोणी नाही, याची नावानिशी नोंद राहत नाही. म्हणून आमदारांनाच विचार, की आपण त्या दिवशी सभागृहात होता का, आणि 'तत्सम' या शब्दावर आपलं मत काय. नमस्कार लिही, आदराने लिही, आणि खाली नाव घाल. निनावी पाठवू नकोस.

तुझ्या नवऱ्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, पण ती मी दोनदा वाचली. तो सुपारी कातरत बसला तो बहुतेक भावाला भर आरतीच्या दिवशी तोडून बोलवेना म्हणून. त्याच्यावर रुसू नकोस. त्याला एक काम दे. एका सकाळी, शाळेच्या वेळी, टेम्पो काढायच्या आधी त्याला साकवावर घेऊन जा आणि फोटो त्यालाच काढायला सांग. फटीचा फोटो काढताना शेजारी मुलीची चप्पल ठेवायला सांग, म्हणजे तिथे बसलेल्या साहेबाला रुंदी कळेल. आणि फोटोवर तारीख येते आहे ना, ते तपासून घ्या.

तुझी,
मावशी